डेस्कटॉपवरची कातेरिना

ऑफिसात प्रत्येकाच्या डेस्कटॉपवर काही ना काही असतं. कुणाचं बाळ, कुणाची बुलेट, कुणाचं लडाख. माझ्या डेस्कटॉपवर गेले तीन महिने कातेरिना आहे. युक्रेनमधल्या खेड्यातली एक मुलगी. पांढरा सदरा, लाल एप्रन, डोक्याला लाल फिती, पाय अनवाणी. मागे मोकळं माळरान आणि पवनचक्की. एकदम फ्रेश! एक्सेल शीट मिनिमाइज केली की डोळ्यांना गार वाटायचं. चित्रकार तारास शेवचेन्को, साल १८४२. इम्प्रेशन मारायला तेवढं ज्ञान पुरतं राव.

परवा घरून काम करत होते. आजी चहा ठेवायला आली, चष्मा सावरत स्क्रीनकडे बघून म्हणाली, ''कितवा महिना गं हिला?''

''आजी, काहीतरीच काय!''

''अगं, पोटावरचं ते फडकं कसं उचलून धरलंय बघ. मान बघ. आणि तो घोड्यावरून पळतोय, तो कोण?''

घोडेस्वार माझ्या आयकॉन्सच्या गर्दीत झाकला गेला होता. खरं सांगते, तीन महिन्यांत मी त्याच्याकडे धड पाहिलंच नव्हतं.

मग लॉग आउट करून वाचायला बसले. आजीचा अंदाज शंभर टक्के बरोबर! तो रशियन अफसर आपल्या पलटणीमागे निघालाय, आणि कातेरिना पोटात त्याचं मूल घेऊन गावाकडे परततेय. शेवचेन्कोनं स्वतःच एका पत्रात हे सगळं सांगितलंय, अगदी एप्रन का उचललाय तेसुद्धा. अफसरामागे धूळ उडतेय आणि एक कुत्रं भुंकत धावतंय. अख्ख्या गावातर्फे निषेध नोंदवणारं ते एकटंच!

चित्राआधी त्यानं याच नावाची दीर्घ कविताही लिहिली होती. ती १८४० मध्ये त्याच्या 'कोब्झार' या संग्रहात आली. तिथे पुढची गोष्ट आहे. आईबाप कातेरिनाला घराबाहेर काढतात. तान्ह्या बाळाला घेऊन ती अफसराला शोधत जाते, तो ओळखही देत नाही, आणि ती पाण्यात जीव देते.

शेवचेन्कोला ही मुलगी एवढी कळली याचं मला आश्चर्य वाटत नाही. तो स्वतः भूदास म्हणून जन्मला, म्हणजे जमीनदाराच्या मालकीचा माणूस. १८३८ मध्ये कार्ल ब्र्युलोव्ह या नामवंत चित्रकारानं कवी झुकोव्स्कीचं पोर्ट्रेट काढलं, त्याची लॉटरी झाली आणि त्यातल्या २५०० रुबल्सवर शेवचेन्कोची सुटका विकत घेतली गेली. नंतर तो पीटर्सबर्गच्या कला अकादमीत ब्र्युलोव्हच्याच हाताखाली शिकला. अकादमीत देवदेवता आणि रोमन वीर रंगवायचा रिवाज. यानं मात्र मोठ्या तैलचित्राच्या मधोमध अनवाणी, गरोदर खेडूत पोरगी उभी केली. त्याची भावंडं तेव्हाही जमीनदाराकडे भूदासच होती.

१८४७ मध्ये त्याला अटक झाली. झार पहिल्या निकोलसनं शिक्षा दिली ती साधा शिपाई म्हणून सैन्यात, दूर हद्दपारीवर. वर लिहायला आणि चित्रं काढायला बंदी! कातेरिनाचा अफसर ज्या फौजेतला, त्याच फौजेत दहा वर्षं. बंदी त्यानं चोरून मोडली, हे ओघानं आलंच.

मूळ चित्र कीव्हच्या शेवचेन्को संग्रहालयाचं. १० ऑक्टोबर २०२२ ला रशियन क्षेपणास्त्रं शहराच्या मध्यभागी पडली, त्यातलं एक त्याच भागातल्या शेवचेन्को पार्कमध्ये. ही बातमी मी तेव्हा स्क्रोल करता करता पाहिली असणार. पाहिली आणि पुढे गेले असणार.

संध्याकाळी आजीला सगळं वाचून दाखवलं. तिनं पुन्हा चष्मा चढवला. आता तिला उजवीकडे खोपीपाशी बसलेला म्हातारा दिसला.

''हा काय करतोय?''

''लाकडाचे चमचे कोरतोय. बघतोय तिच्याकडे.''

''नुसताच बघतोय?''

''हो.''

''हाक तरी मारायची मेल्यानं,'' आजी म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

मी सगळे आयकॉन्स एका फोल्डरमध्ये टाकले. आता घोडेस्वार स्वच्छ दिसतोय.