इंजिन बदलण्याआधी ग्लो प्लग बघा
नायट्रोचा आरसी ट्रक दुरुस्तीला आला, की गिऱ्हाईकच सांगतं, "इंजिन गेलंय, नवीन टाका." मोह होतोच. पण थांबा!

इग्नायटर लावला की चालू, काढला की बंद? मग ग्लो प्लग बाहेर काढा, इंधनाचा डबा लांब ठेवा आणि प्लग इग्नायटरवर लावून बघा. तार नारिंगी तापली नाही, तर प्लग बदला. तापली, तर बहुधा आयडलला इंधन जास्त होतंय. लो-स्पीड नीडल घड्याळाच्या दिशेने फेऱ्याचा आठवा भागच फिरवा. जास्त नको हं! या इंजिनाचं ऑइल मिथेनॉल-नायट्रोमिथेनच्या इंधनातच मिसळलेलं असतं. इंधन कमी पडलं, की वंगणही कमी, आणि चांगलं इंजिन तुमच्याच हातून जातं.

जुना प्लग गिऱ्हाइकाच्या हातात द्या. बिलात तपासणीची मजुरी वेगळी लिहा.