गोठवलेल्या स्ट्रॉबेरीतील विषाणू कसा शोधतात?

सप्टेंबर २०१२ च्या अखेरीस पूर्व जर्मनीतील शाळा आणि बालवाड्यांमधील मुलांना एकाएकी उलट्या-जुलाब होऊ लागले. थोड्याच दिवसांत सुमारे ११,००० जण आजारी पडले. शोध घेता घेता संशय एका पदार्थावर स्थिरावला : चीनमधून आलेली गोठवलेली स्ट्रॉबेरी. त्याच मालाच्या एका खोक्यात पुढे नोरो विषाणू सापडलाही.

हा विषाणू आधीच का सापडू नये? अन्नात मोजके जीवाणू असले तरी पोषक द्रवात ठेवून रातोरात त्यांची संख्या वाढवता येते. विषाणू मात्र केवळ जिवंत पेशीतच वाढतो. फळावर तो वाढत नाही, नुसता टिकून राहतो. गोठवल्याने तो मरत नाही, उलट सुरक्षित राहतो. शिवाय आजार व्हायला थोडेसेच कण पुरतात. म्हणजे शोधायचे ते अत्यल्प, आणि तेही आंबट, चिकट फळात!

त्यासाठी २५ ग्रॅम फळ सौम्य अल्कधर्मी द्रावणात हलवतात. फळाचे आम्ल उदासीन होते आणि पृष्ठभागाला चिकटलेले विषाणू सुटतात. पेक्टिनमुळे द्रावणाचा मुरंबा होऊ नये म्हणून पेक्टिनेज हे विकर घालतात. मग पॉलिएथिलिन ग्लायकॉल आणि मीठ घालून विषाणूंचा साका खाली बसवतात. त्यातून विषाणूचा आर.एन.ए. वेगळा काढून त्याची डी.एन.ए. प्रत बनवतात आणि पी.सी.आर. तंत्राने ती पुनःपुन्हा दुप्पट करतात. वर्गात हे गणित जरूर घाला : एका प्रतीच्या ३० फेऱ्यांनंतर किती प्रती? उत्तर १०० कोटींहून अधिक येईल.

पण 'काही सापडले नाही' याचा अर्थ 'विषाणू नाही' असाच का घ्यावा? कदाचित तो धुण्यात निसटला असेल, किंवा फळातील द्रव्यांनी पी.सी.आर. रोखली असेल. म्हणून सुरुवातीलाच नमुन्यात निरुपद्रवी केलेला मेंगो विषाणू मोजून घालतात. त्यातला एक टक्कासुद्धा शेवटी हाती आला नाही, तर चाचणीच बाद ठरते. पी.सी.आर. रोखली गेली का, हेही वेगळे तपासतात.

तरीही दोन मर्यादा उरतात. पी.सी.आर. आर.एन.ए. दाखवते, तो विषाणू अजून रोगकारक आहे का, हे ती सांगत नाही. आणि दूषितपणा सगळीकडे सारखा नसतो : २५ ग्रॅम स्वच्छ निघाले, म्हणून टनभर माल स्वच्छ ठरत नाही.

म्हणून चाचणीपेक्षा मोठे काम शेतातल्या स्वच्छ पाण्याचे, फळे खुडणाऱ्यांच्या धुतलेल्या हातांचे आणि चुलीचे. २०१३ मध्ये गोठवलेल्या बेरीफळांतून कावीळ-अ पसरली, तेव्हा आयर्लंडच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने आयात केलेली अशी फळे एक मिनिट उकळूनच खा, असे सांगितले. प्रयोगशाळेचा अहवाल यायला दिवस लागतात. पातेले मात्र प्रत्येक स्वयंपाकघरात असते.