प्रवाळाची टाकी आणि चाकणचं लूप ट्यूनिंग

प्रवाळाचा सांगाडा कॅल्शियमचा, मग टाकी सांभाळणारे सगळे अल्कलिनिटीच्याच मागे का लागलेले असतात, हा प्रश्न नवखे हौशी हमखास विचारतात. उत्तर साध्या अंकगणितात आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातल्या बायकार्बोनेट-कार्बोनेटचा साठा, जेमतेम ७ डीकेएच (हे तिचं एकक). लिटरमागे ५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट सांगाड्यात गेलं, की कॅल्शियम २० मिलिग्रॅमनं घटतं, म्हणजे पाच टक्केही नाही. त्याच वेळी अल्कलिनिटी २.८ डीकेएचनं उतरते, म्हणजे तब्बल ४० टक्के गेली. उचल दोन्हींतून ठरलेल्या प्रमाणात होते, पण एक साठा मोठा आणि दुसरा तुटपुंजा. जोमानं वाढणाऱ्या दगडी प्रवाळांनी भरलेल्या टाकीत दिवसाला १ डीकेएच सहज खर्च होते. भरपाई चार दिवस चुकली तर प्रवाळाची वाढ मंदावते. घाईनं भरून काढायला गेलं तर टोकांचा जिवंत थर जळून पांढरा सांगाडा उघडा पडतो.

कॅल्शियम रिॲक्टर ही त्यावरची फार सुंदर युक्ती आहे. उभ्या नळीत ॲरागोनाइटचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या एका रूपाचे, खडे भरायचे, टाकीचंच पाणी त्यांतून फिरवायचं आणि त्यात कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडायचे. आतला पीएच साधारण ६.६ पर्यंत उतरला की खडे विरघळतात आणि प्रवाळानं ज्या प्रमाणात कॅल्शियम व बायकार्बोनेट उचललं, त्याच प्रमाणात ते परत मिळतं. सिलिंडर, रेग्युलेटर, नीडल व्हॉल्व्ह, सोलेनॉइड हे सामान भोसरीच्या शेडमध्ये सीओटू वेल्डिंग करणाऱ्याच्या रोजच्या हाताखालचं. पण यंत्र विकणारे सगळा भर पीएच कंट्रोलरवर देतात, तो मला पटत नाही. आतला पीएच सांगतो, नळीतून निघणारं पाणी किती कसदार आहे. टाकीला किती मिळालं हे तो सांगत नाही. ते ठरतं प्रवाह गुणिले फरक या हिशेबानं. समजा टाकी ४०० लिटरची आहे, ८ डीकेएचवर ठेवायची आहे आणि रोज १ डीकेएच खर्च होते. रिॲक्टरचं पाणी २५ डीकेएचचं असेल, तर लिटरमागे १७ ची भर पडते. ४०० भागिले १७ म्हणजे दिवसाला साडेतेवीस लिटर, मिनिटाला सुमारे १६ मिलिलिटर. पाणी बाहेर सोडणाऱ्या बारीक व्हॉल्व्हच्या तोंडाशी चुन्याची पातळ साय धरली आणि थेंबांची गती निम्म्यावर आली, तर आतला पीएच जागच्या जागी दिसत राहील आणि टाकी मात्र उपाशी पडेल. म्हणून मोजपात्र आणि घड्याळ घेऊन प्रवाह मोजणं हे पहिलं काम. बारीक व्हॉल्व्हऐवजी पेरिस्टाल्टिक पंप लावला तर निम्मा त्रास तिथेच संपतो.

प्रवाह ठरला की खरं ट्यूनिंग सुरू होतं, आणि त्यासाठी लागणारी समज पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात मुबलक आहे. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. पेनिसिलिनच्या किण्वनात पीएच घसरू न देणं हे पोटापाण्याचं काम. आज कारखान्यांच्या सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेवर (ईटीपी) ॲसिड आणि कॉस्टिकचे डोसिंग पंप लावणाऱ्या इन्स्ट्रुमेंटेशनच्या माणसाला ठाऊक असतं, की उशिरा उत्तर देणाऱ्या प्रक्रियेला अधीर कंट्रोलर लावला की लूप, म्हणजे मोजणी आणि दुरुस्तीचं चक्र, ‘हंटिंग’ करू लागतो: कमी दिसलं म्हणून वाढवलं, ओलांडून गेलं म्हणून तोडलं, पुन्हा खाली. झीगलर आणि निकोल्स या दोन अमेरिकी अभियंत्यांनी १९४२ साली यावर नियम दिले. त्यांतली एक रीत लूप मुद्दाम झुलवून मर्यादा शोधण्याची. प्रवाळांवर ती चालवणं क्रूरपणा ठरेल. दुसरी रीत मात्र जशीच्या तशी उचलावी: एकच बदल करायचा, हात मागे घ्यायचा आणि प्रक्रिया किती उशिरानं, किती वेगानं हलते ते पाहायचं. पुरवठा पाच टक्के जास्त झाला, तर आपल्या टाकीत दिवसाला ०.०५ डीकेएच वाढेल. घरगुती टेस्ट किटचा हात ०.२ नं इकडेतिकडे होतो. दुसऱ्या दिवशी दिसलेला फरक बहुधा किटचा असतो. आठवड्याचा उतार मात्र खोटं बोलत नाही. मोजणी रोज एकाच वेळी हवी, कारण दिव्यांखाली प्रवाळ जास्त बांधकाम करतो, अंधारात कमी.

धीर धरण्यामागे आणखी एक कारण आहे आणि ते मला सर्वांत मोलाचं वाटतं. ॲरिझोनातल्या बायोस्फिअर २ या संशोधन-संकुलाच्या कृत्रिम समुद्रात संशोधक ख्रिस लँगडन आणि सहकाऱ्यांनी प्रवाळ-समूहाची वाढ मोजली आणि २००० साली दाखवून दिलं, की पाण्यातली ॲरागोनाइटची संपृक्तता चढेल तशी बांधकामाची गती चढते. समुद्राच्या आम्लीकरणाच्या चर्चेत हे काम महत्त्वाचं मानलं जातं. टाकी सांभाळणाऱ्यांपर्यंत ते पुरेसं पोचलेलं नाही. त्याचा अर्थ असा, की अल्कलिनिटी वाढली तर संपृक्तताही वाढते आणि प्रवाळ स्वतःच जास्त उचलतो. वरच्या टाकीत पुरवठा दहा टक्के जास्त असेल, तर ढोबळ हिशेबानं पातळी अर्धा-पाऊण डीकेएच चढून आठवडा-दोन आठवड्यांत थांबेल. टाकीला स्वतःचा लगाम आहे. तिसऱ्याच दिवशी व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस त्या लगामाला काम करू देत नाही.

यावर आक्षेप येतो, की आता अल्कलिनिटी आपोआप मोजणारी यंत्रं मिळतात, तीच रिॲक्टर चालवू देत. ती नोंद ठेवायला उत्तम आहेत. पण त्यांचा रीएजंट शिळा झाला किंवा नळीत बुडबुडा अडकला, की चुकीच्या आकड्यावर कंट्रोलर बिनचूक आज्ञा देत राहतो. रिॲक्टरचा उरलेला कार्बन डायऑक्साइड टाकीचा पीएच उतरवतो, हा आक्षेप मात्र खरा आहे. पाणी खड्यांच्या दुसऱ्या नळीतून नेलं आणि खोलीत हवा खेळती ठेवली तर हा परिणाम बराच सौम्य होतो. लहान टाकीला कॅल्शियम आणि अल्कलिनिटीची द्रावणं सोडणारे दोन डोसिंग पंप पुरतात, हेही मान्य. पण मोठ्या टाकीत त्या द्रावणांबरोबर मीठ साचत जातं आणि खारटपणा हळूहळू चढतो. तिथे रिॲक्टरच सरस.

नळीत भरायच्या खड्यांबद्दल एक इशारा. या रिॲक्टरसाठी जगभर वापरले जाणारे खडे म्हणजे पुष्कळदा प्रवाळाचेच तुटके सांगाडे. आपल्या काळ्या मातीत सापडणारे कंकराचे गोटे चालणार नाहीत. ते चिकणमाती मिसळलेले, शिवाय कॅल्साइटचे असल्यानं सावकाश विरघळणारे. म्हणून कुणाचं लक्ष कोकण किनाऱ्यावरच्या प्रवाळाकडे जाईल. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासूनचं आहे, आणि २००१ पासून सर्व दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडाही उचलून आणू नका, विकत घेतलेल्या खड्यांचं मूळ दुकानदाराला विचारा आणि जिवंत प्रवाळ घेताना आयातीचे कागद पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.