जाब आणि विचारपूस

एखादी वाईट सवय सोडण्याचा निश्चय माणूस बहुधा एकट्याने करतो आणि तो मोडतोही एकट्यानेच. निश्चय कोणी ऐकलेला नसतो, म्हणून तो मोडल्याचेही कोणाला कळत नाही. इच्छाशक्तीच्या महतीविषयी पुष्कळ लिहिले जाते. परंतु निश्चयाला साक्षीदार असावा की नसावा, या प्रश्नाकडे त्या मानाने कमी लक्ष जाते. ख्रिस्ती परंपरेने मात्र हा प्रश्न आरंभापासून महत्त्वाचा मानला आहे.

मराठीत या संदर्भात दोन अर्थपूर्ण शब्द आहेत : जाब आणि विचारपूस. जाब विचारणाऱ्यापुढे माणूस स्वतःचा बचाव करतो, विचारपूस करणाऱ्यापुढे मन मोकळे करतो. केवळ जाब विचारला गेला तर माणूस खोटे बोलायला शिकतो. केवळ विचारपूस होत राहिली तर तो आहे तेथेच राहतो. सवय बदलण्यासाठी दोन्ही गोष्टी एकाच माणसाकडून मिळाव्या लागतात. असा एक मोठा प्रयोग शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पुणे जिल्ह्यातच, दौंड तालुक्यातील केडगाव येथे झाला. त्याचे यश आणि त्यातील धोके, दोन्ही आजही विचार करण्याजोगे आहेत.

एकमेकांचे ओझे

या विचाराचे मूळ नव्या करारातील पत्रांत आहे. कोणी चुकला तर त्याला सौम्यपणे सावरावे, आणि तसे करताना आपणही घसरू शकतो याचे भान ठेवावे, असे पौल गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात सुचवतो. एकमेकांची ओझी वाहण्याचा उपदेश तो करतो आणि लगेच पुढे, प्रत्येकाने आपला भार स्वतःच वाहायचा आहे, असेही बजावतो. वरवर परस्परविरोधी वाटणाऱ्या या दोन विधानांतच साऱ्या विषयाचे सार आहे. जबाबदारी ज्याची त्याची. मात्र ती पेलताना सोबत हवी. याकोबाचे पत्र एकमेकांजवळ दोष कबूल करून एकमेकांसाठी प्रार्थना करण्यास सांगते, तर इब्री लोकांस लिहिलेले पत्र एकत्र जमणे न सोडता परस्परांना सत्कर्मासाठी उत्तेजन देण्यास सांगते.

पुढील शतकांत या उपदेशातून निश्चित पद्धती निघाल्या. येशू संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथाला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली. त्यात एकच दोष निवडून त्यावर लक्ष ठेवण्याची रीत सांगितली आहे. सकाळी संकल्प करायचा. दुपारी आणि रात्री हिशेब घ्यायचा. जितक्या वेळा चूक झाली तितके ठिपके त्या दिवसाच्या रेघेवर मांडायचे. मग आजची कालशी आणि या आठवड्याची मागील आठवड्याशी तुलना करायची. मोबाइलवरील सवयींची नोंदवही आज जे करते, तेच हे काम होते.

इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली यांच्या मेथडिस्ट चळवळीत हा हिशेब सामुदायिक झाला. त्याचा उगम मोठा व्यावहारिक आहे. १७४२ मध्ये ब्रिस्टल येथील सभागृहाचे कर्ज फेडण्यासाठी प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी आणि बारा जणांमागे एकाने ती गोळा करावी, असे ठरले. पैसे गोळा करणारा घरोघरी जाऊ लागला, तेव्हा कोणाच्या घरी भांडण आहे, कोण पुन्हा दारूकडे वळला आहे, हे त्याला कळू लागले. वर्गणीच्या निमित्ताने विचारपूस होऊ लागली. त्यातूनच आठवड्याला एकदा जमून प्रत्येकाने आपली खरी स्थिती सांगण्याची प्रथा रूढ झाली.

भीमेच्या दोन तीरांवर

पुणे जिल्ह्यात भीमेच्या उत्तरेस शिरूर आणि दक्षिणेस दौंड तालुका येतो. शिरूर येथे एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे होते आणि उपासनेबरोबरच हस्तव्यवसायाचे शिक्षण हा तेथील कामाचा भाग होता. नियमित काम हेही चारित्र्य घडवणारे साधन आहे, असा त्यामागचा विचार होता. हाच विचार दक्षिणेस केडगावी अधिक व्यापक प्रमाणावर प्रत्यक्षात आला.

पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन स्थापन केले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलवले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली आणि स्त्रिया आणल्या. पुण्यात प्लेगमुळे निर्बंध आले, तेव्हा त्यांची सोय केडगावच्या शेतजमिनीवर करण्यात आली. तेथेच ‘मुक्ती’ची वस्ती उभी राहिली. १९०० च्या दुष्काळानंतर आश्रितांची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली.

रमाबाईंनी स्वतः तारुण्यात उपासमार सोसून आईवडील गमावले होते. दीर्घ उपासमार केवळ शरीर खंगवत नाही. मिळालेले अन्न लपवणे, हिसकावून घेणे, कोणावर विश्वास न ठेवणे या जगण्याच्या युक्त्या होतात आणि पोट भरू लागल्यावरही त्या सुटत नाहीत. अशा शेकडो मुलींना केवळ नियम वाचून दाखवून भागणारे नव्हते. शारदा सदनात शिकून तयार झालेल्या मुलींवर रमाबाईंनी नव्या मुलींच्या शिक्षणाची आणि देखरेखीची जबाबदारी सोपवली. काल जिला आधार लागला, तीच आज दुसरीचा आधार झाली. शेती, विणकाम, शिवणकाम, छापखाना अशा कामांची जोड दिली गेली. अंध स्त्रियांना रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई यांनी ब्रेल लिपी शिकवली. प्रत्येक हाताला काम होते आणि ते झाले की नाही हे पाहणारे माणूस जवळच होते.

जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी रोज एकत्र प्रार्थना करण्यास इच्छुक असणाऱ्यांना पुढे येण्याचे आवाहन केले. सुमारे सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ही संख्या पाचशेवर गेली. त्या महिन्याच्या अखेरीस तेथे धार्मिक नवजागृतीची लाट उसळली. मुली रडत, आपले दोष उघडपणे कबूल करीत. काही पाश्चात्त्य मिशनऱ्यांना हा भावनेचा अतिरेक वाटला. रमाबाईंनी मुलींची बाजू घेतली. मात्र जूनमधील त्या अश्रूंच्या आधी दैनंदिन एकत्र येण्याचे पाच महिने होते, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. सवयींच्या दृष्टीने त्या पाच महिन्यांचे मोल अधिक आहे.

ही कल्पना मराठी मनाला परकी नाही. तुकाराम महाराजांची पालखी याच दौंड तालुक्यात यवत आणि वरवंड येथे मुक्काम करते. गळ्यात तुळशीची माळ घातलेला वारकरी मद्यमांस सोडतो, ते सगळ्या गावाच्या देखत. त्याच्या निश्चयाला अख्खे गाव साक्षीदार असते आणि वर्षातून एकदा दिंडीतील सोबती त्याची ख्यालीखुशाली विचारतात. तत्त्वज्ञान निराळे असले तरी माणसाला सावरून धरण्याची रीत सारखीच आहे.

सवय वाईट, हे ठरवणार कोण?

या पद्धतीची दुसरी बाजू रमाबाईंनीच सोसली होती. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेथील सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता होत्या. दोघींचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यात स्नेह आहे, तसा तीव्र संघर्षही आहे. रमाबाई शाकाहारी होत्या. अंडीही त्या टाळत. जेराल्डीन यांना त्यात जुन्या जातीय संस्कारांचा अवशेष दिसला, तर रमाबाईंना ती आपली साधी आवड वाटत होती. क्रुसावरील अक्षरे लॅटिनऐवजी संस्कृतात असावीत, असाही रमाबाईंचा आग्रह होता. एकीच्या दृष्टीने जो अहंकार होता, तो दुसरीच्या दृष्टीने स्वत्व होते. ख्रिस्त स्वीकारला म्हणजे आपली विवेकबुद्धी कोणा धर्माधिकाऱ्याच्या हवाली केली असे नव्हे, ही रमाबाईंची भूमिका अखेरपर्यंत कायम राहिली.

पुढे रमाबाईंनाही याच प्रश्नाला तोंड द्यावे लागले. शारदा सदनातील मुली त्यांच्या खासगी प्रार्थनेला बसतात, यावरून पुण्यात वादळ उठले आणि १८९३ मध्ये न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. आपले दार उघडे असते, कोणावर सक्ती नाही, असे रमाबाईंचे म्हणणे होते. टीकाकारांच्या मते आश्रयाला असलेल्या मुलीला खरी निवड उरतच नव्हती. वाद जुना असला तरी त्यातील प्रश्न आजही शिळा झालेला नाही. ज्याच्या हाती आपले अन्न, नोकरी किंवा आसरा आहे, त्याच्यापुढे दिलेली कबुली मोकळी राहत नाही. हिशेब विचारणाऱ्याकडे सत्ता असली की विचारपुशीचा जाब होतो आणि जाबाची पाळत होते. ख्रिस्ती मंडळ्यांतही हे घडू शकते. विश्वासाने सांगितलेली गोष्ट ‘प्रार्थनेसाठी’ म्हणून चार ठिकाणी पोहोचली, की तो माणूस पुन्हा तोंड उघडत नाही.

आजचा दिवस

सत्ता वगळून केवळ सोबत ठेवण्याचा यशस्वी प्रयत्न अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या संघटनेने केला. १९३५ मध्ये अमेरिकेतील अॅक्रन येथे बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यपींच्या भेटीतून ती सुरू झाली. दोघांचाही संबंध ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीशी होता. दोषांची कबुली, झालेल्या नुकसानीची भरपाई आणि दुसऱ्याला मदत ही सूत्रे तेथूनच आली. मात्र कोणत्याही धर्माच्या किंवा धर्म न मानणाऱ्या माणसाला ती आपली वाटावीत, अशी त्यांची मांडणी पुढे झाली. येथे वरिष्ठ कोणी नसतो. हिशेब विचारणारा स्वतःही त्याच वाटेने आलेला असतो. पुण्यात डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राच्या उपचारांतही या संघटनेच्या तत्त्वांना स्थान आहे. व्यसन सुटण्याइतकाच नंतरचा पाठपुरावा महत्त्वाचा मानला जातो. आयुष्यभराची शपथ माणसाला दडपून टाकते; आजच्या दिवसापुरता निश्चय पेलवतो.

शास्त्रीय निरीक्षणही या अनुभवाला पूरक आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या २००९ मध्ये प्रकाशित झालेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडण्यास लागलेला कालावधी १८ ते २५४ दिवस इतका भिन्न आढळला. मध्य सुमारे ६६ दिवसांचा होता. एकवीस दिवसांच्या लोकप्रिय समजुतीला यात आधार मिळत नाही. एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्याच्या प्रक्रियेत फारसा अडथळा आला नाही, हाही त्यातील महत्त्वाचा निष्कर्ष होता. माणसाचे खरे नुकसान होते ते एका चुकीनंतर ‘आता सगळेच संपले’ असे म्हणून प्रयत्न सोडल्याने. नेमक्या त्या वेळी धीर देणारा कोणी हवा असतो. क्षमेचा विश्वास ख्रिस्ती माणसाला तेथेच उपयोगी पडतो. चूक लपवण्याची गरज उरली नाही, तर ती सुधारण्यास बळ उरते.

या साऱ्या अनुभवातून काही साधी पथ्ये निघतात. सोबती एक किंवा दोनच असावेत आणि शक्यतो बरोबरीचे असावेत; वरिष्ठ, मालक किंवा देणेकरी नसावेत. भेटीचा वार आणि वेळ ठरलेली असावी. ‘कसे चालले आहे?’ या प्रश्नाला ‘ठीक’ एवढेच उत्तर मिळते. म्हणून प्रश्न नेमका असावा : या आठवड्यात किती दिवस व्यायाम झाला, कोणत्या रात्री दारू घेतली, मुलावर हात उगारला का? दोघांनीही एकमेकांना प्रश्न विचारावेत. ऐकलेली गोष्ट बाहेर जाता कामा नये. मात्र मुलाच्या किंवा अन्य कोणाच्या जिवाला धोका असेल, तर गुप्ततेचे हे वचन तेथे संपते आणि मदत मिळवणे हेच कर्तव्य ठरते. शारीरिक व्यसन जडले असल्यास डॉक्टरांचा सल्ला अपरिहार्य आहे. प्रार्थना किंवा मित्र त्याची जागा घेऊ शकत नाहीत. आणि ही सोबत नको वाटल्यास ती सोडण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला असावे.

रमाबाईंनी आपल्या आत्मकथनाला ‘माझी साक्ष’ असे नाव दिले. बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षांनी आपल्याला खऱ्या अर्थाने ख्रिस्त उमगला, असे त्यांनी त्यात नमूद केले आहे. धर्म एका दिवसात स्वीकारता येतो. त्याप्रमाणे जगण्याची सवय जडायला वर्षे लागतात. आयुष्याची अखेरची अनेक वर्षे त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात घालवली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडला. खिळे जुळवणारे हात तेथील स्त्रियांचे होते. रमाबाईंच्या पश्चात या कामाचा जाब विचारायला त्या स्वतः उरल्या नव्हत्या, तरीही काम पूर्ण झाले. सवय खरोखर अंगी मुरली, याची याहून मोठी खूण कोणती?