मंडळीच्या जागी गाव

संपादकांनी सांगितलं, ख्रिस्ती रुग्णालयांवर लिहा. साहजिकच पहिलं नाव मिरजेचं आलं. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये तिथं रुग्णालय उघडलं आणि पुढं लांबलांबचे रुग्ण शस्त्रक्रियेसाठी मिरजेची वाट धरू लागले. पण माझं मन पहिल्यापासून जामखेडकडे, तिथं डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी उभ्या केलेल्या आरोग्यसंस्थेकडे, ओढ घेत होतं. श्रद्धा आणि वैद्यकी यांचं नातं तिथं प्रार्थनाघरात शोधावं लागत नाही. कोणी कोणाला काय शिकवलं आणि कोणाला कोणाशेजारी बसवलं, यातच ते दिसतं.

संस्थेचा इतिहास थोडक्यात असा. रजनीकांत आरोळे नगर जिल्ह्यातले. ते आणि मेबल वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात बरोबर शिकले. 1960 मध्ये लग्न झालं, त्याच दिवशी दोघांनी खेड्यातल्या उपेक्षितांसाठी आयुष्य द्यायचं ठरवलं. काही वर्षं त्याच जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काढली. जुलाब, ताप, कुपोषण, अडलेली बाळंतपणं, त्यांनी बरं करून घरी पाठवलेली माणसं त्याच कारणांनी परत येत. पाणी घाण, घरात दाणा नाही, बाईला विचारतो कोण! औषधाच्या बाटलीत यावर उपाय नव्हता. दोघं अमेरिकेला गेले, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले आणि 1970 मध्ये जामखेडला येऊन गुरांच्या एका जुन्या दवाखान्यात काम सुरू केलं.

याच काळात तिकडे युरोपात ख्रिस्ती वैद्यकसेवेची झाडाझडती चालली होती. 1964 मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेनला मिशनचे डॉक्टर आणि धर्मशास्त्री एकत्र बसले. सरकारी रुग्णालयंही उत्तम चालू शकतात, मग आपल्या रुग्णालयात ख्रिस्ती असं काय उरतं, हा प्रश्न त्यांना टाळता येईना. बरं करणं ही डॉक्टरची खासगी विद्या नाही, ते साऱ्या मंडळीचं, म्हणजे चर्चच्या समुदायाचं, काम आहे, असं उत्तर तिथं पुढं आलं. करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात पौल मंडळीला शरीर म्हणतो: एक अवयव दुखला की सगळे दुखतात. या विचारातूनच 1968 मध्ये जिनिव्हात जागतिक चर्च परिषदेचा ख्रिस्ती वैद्यकीय आयोग स्थापन झाला. आयोगाच्या ‘कॉन्टॅक्ट’ या नियतकालिकातून जामखेडचं काम बाहेरच्या जगाला कळलं.

मला आरोळ्यांचं खरं धाडस यापुढं दिसतं. ट्युबिंगेनच्या विचारात मंडळी गृहीत होती. जामखेडच्या आसपासच्या खेड्यांत ख्रिस्ती घरं थोडीच. तिथं हे शरीर आणायचं कुठून? त्यांनी मंडळीच्या जागी अख्खा गाव धरला, जातींनी चिरफाळलेला आणि दुष्काळानं गांजलेला. धर्मांतराची अट नव्हती. पण शरीर म्हटल्यावर गावकुसाबाहेरचा अवयव आत घेणं भागच होतं. 1972 च्या दुष्काळात विहिरींचं पाणी आटलं, तेव्हा नव्या कूपनलिकांच्या जागा दलित वस्तीत धरल्या गेल्या. पाणी हवं तर सवर्ण बायांना घागर घेऊन तिथंच यावं लागलं.

आणि सगळ्यात जास्त मी रेंगाळलो ते आरोग्य सेविकेपाशी.

आधी त्यांनी गावोगाव नर्स नेमून पाहिल्या. परक्या गावात एकटं राहणं त्या मुलींना जमेना आणि गावही त्यांना आपलं म्हणेना. मग गावानंच आपल्यातली एक बाई निवडून द्यायची असं ठरलं. निवडून आलेल्यांत पुष्कळ जणी निरक्षर होत्या, काही विधवा, काही नवऱ्यानं टाकलेल्या, बऱ्याच दलित. चारचौघांत स्वतःचं नाव सांगायचीही सवय नव्हती. ओळख असायची ती अमक्याची बायको, तमक्याची आई. म्हणून शिक्षणाची सुरुवात शरीरशास्त्रापासून झालीच नाही. आधी बाईनं आपलं नाव मोठ्यानं घ्यायचं. मग दर आठवड्याला जामखेडला मुक्कामी यायचं, एकत्र रांधायचं, एका पंगतीत जेवायचं, जातपात न पाहता शेजारी शेजारी झोपायचं.

त्यानंतर मग हातातलं कसब: बाळंतपणाआधी हात कसे धुवायचे, नाळ कापायचं पातं आणि बांधायचा दोरा कसा उकळायचा, जुलाब लागलेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी कसं पाजायचं, कुष्ठरोगाचा बधिर चट्टा कसा ओळखायचा, मुलाचं वजन कसं घ्यायचं. अडलेली बाळंतीण वेळेवर जामखेडला पाठवणं हेही त्या कसबातच आलं. शिकलेलं ती आपल्या बोलीत गावाला सांगायची, म्हणून पटायचं. जिच्या हातचं पाणी पूर्वी चालत नसे, तिच्या हातात गावातली सून बाळंत होऊ लागली. सुरुवातीला या गावांत हजारामागं 176 अर्भकं वर्षाच्या आत दगावत. पाच-सहा वर्षांत हा आकडा निम्म्याच्याही खाली आला.

पुस्तकी विद्या नसलेल्या बाईला डॉक्टर आपली विद्या देऊन टाकतो, हे मला प्रभूनं शिष्यांचे पाय धुण्याच्या गोष्टीइतकंच थेट ख्रिस्ती वाटतं. सेविकांपैकी बहुतेक जणी हिंदूच राहिल्या, तरी त्या कृतीचा अर्थ त्यांनी पुरेपूर जगून दाखवला.

1978 मध्ये आल्मा आटाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेची जाहीर हाक दिली गेली, त्यामागच्या विचारात जामखेडचाही वाटा होता. पुढच्याच वर्षी आरोळे पती-पत्नींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबल 1999 मध्ये गेल्या, रजनीकांत 2011 मध्ये. आता काम त्यांची मुलं पाहतात.

माझी काळजी इथून सुरू होते. 2005 मध्ये ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि देशभर आशा कार्यकर्त्या नेमल्या गेल्या. गावातलीच बाई घ्यायची, एवढं सूत्र सरकारनं उचललं. पण आशाला शिक्षणाची अट आहे, मोबदला बराचसा कामागणिक मोजून मिळतो, नोंदी ठेवता ठेवता ती वाकते आणि मानधनासाठी तिला संपावर जावं लागतं. आठवड्याचा तो मुक्काम योजनेत कुठंच नाही. जामखेडच्या सेविकेचा धीर त्या मुक्कामातूनच येत होता: आठवडाभरात गावात कोणी अपमान केला, एखादं मूल हातून गेलं, तर ते तिथं इतर जणींपुढं बोलता येई. तेवढा भाग गळला आणि योजना मात्र तीच, असं मानायला मी तयार नाही.

आजारही बदललेत. मधुमेह आणि रक्तदाब आयुष्यभर गोळ्या मागतात आणि नाक्यावरचा खासगी दवाखाना सलाईन लावायला तयारच असतो. चिकाटीनं पथ्य सांगणाऱ्या बाईचं अशा वेळी कोण ऐकणार?

सगळ्यात अवघड गोष्ट ऊसतोडीची. नगर-बीडच्या या पट्ट्यातून दिवाळीच्या सुमाराला कुटुंबंच्या कुटुंबं कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. गरोदर बाई पाचटाच्या कोपीत दिवस काढते, लसीचा डोस चुकतो, वजनाची नोंद मध्येच तुटते. मंडळीच्या जागी गाव धरून ज्यांनी ही रचना उभी केली, त्यांच्यापुढं हा मुळाचाच प्रश्न आहे, कारण सर्वांत गरजू माणसं अर्धं वर्ष त्या गावात नसतातच. मला वाटतं, ऊसतोडीच्या टोळीबरोबर जाणाऱ्या बायांमधूनच टोळीनं एकीला निवडावं आणि जामखेडनं तिला पावसाळ्यात, ती गावी असते तेव्हा, मुक्कामी बोलवून शिकवावं. कारखान्यानं तिला फडावर फिरायला वेळ आणि त्या वेळेची मजुरी द्यायला हवी. ते घडवून आणायला मुकादम, कारखाना आणि आरोग्य खातं यांच्याशी भांडावं लागेल.