'पर्यंत'ला इंग्रजीत काय म्हणायचं?

आपल्या माकुणसारातून कितीतरी जणी सफाळ्याला नाहीतर केळवे रोडला लोकल पकडून बोईसरला कामाला जातात. तारापूर एमआयडीसीत रजेचा अर्ज म्हणा, सुपरवायझरला व्हॉट्सॲप म्हणा, इंग्रजीत दोन ओळी लिहायची वेळ येतेच. तिथे आपल्याला नडतो तो आपलाच एक साधा शब्द, 'पर्यंत'.

आपण म्हणतो, 'शुक्रवारपर्यंत फॉर्म देते' आणि 'शुक्रवारपर्यंत रजेवर आहे'. मराठीत शब्द एकच, इंग्रजीत मात्र दोन. फॉर्म देणं हे एकदाच होऊन संपणारं काम, म्हणून तिथे 'बाय': 'आय विल सबमिट द फॉर्म बाय फ्रायडे.' रजा त्या दिवसापर्यंत चालूच राहते, म्हणून तिथे 'टिल': 'आय ॲम ऑन लीव्ह टिल फ्रायडे.' सवयीने आपण दोन्हीकडे 'टिल' घालतो. मग वाचणाऱ्याला वाटायचं, ही बाई शुक्रवार उजाडेस्तोवर रोज फॉर्मच देत बसणार!

ओळखायचं कसं? 'पर्यंत' काढून तिथे 'उशिरात उशिरा' घालून बघा. 'उशिरात उशिरा शुक्रवारी फॉर्म देते' हे बरोबर वाटतं, म्हणजे 'बाय'. 'उशिरात उशिरा शुक्रवारी रजेवर आहे' हे कानाला खटकतं, म्हणजे 'टिल'. मागच्या काळातल्या गोष्टीलाही हेच लागू. पालघर जिल्हा झाला 1 ऑगस्ट 2014 ला. त्याआधी आपण ठाणे जिल्ह्यात होतो, म्हणून 'वुई वेअर इन ठाणे डिस्ट्रिक्ट टिल 31 जुलै 2014.'

'अनटिल' म्हणजे 'टिल'च. फक्त स्पेलिंग सांभाळा. 'टिल'च्या शेवटी दोन एल, 'अनटिल'च्या शेवटी एकच. आणि लोकल डहाणूपर्यंत जाते ती 'अप टू डहाणू'. गावाच्या नावापुढे 'टिल' सगळेच बोलतात, पण अर्जात नको.

आता पैशांची गोष्ट. 'सोमवारपर्यंत येणार नाही' असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा सोमवारही सुट्टीतच धरलेला असतो, येणार मंगळवारी. तेच इंग्रजीत 'आय विल नॉट कम टिल मंडे' लिहिलं, तर ऑफिसात अर्थ लागतो की बाई सोमवारी हजर होणार. तुम्ही घरी, हजेरीपटावर गैरहजेरी, आणि एका दिवसाचा पगार कापलेला. कंत्राटावर काम करणाऱ्या बाईला तो एक दिवसही जड जातो. भांडायला जावं, तर आपल्याच हातचा अर्ज समोर ठेवतात.

म्हणून रजेच्या अर्जात 'टिल'च्या भरवशावर राहूच नका. पहिला दिवस, शेवटचा दिवस आणि कामावर यायचा दिवस, तिन्ही तारखांसकट लिहा: 'आय विल बी ऑन लीव्ह फ्रॉम फ्रायडे टू मंडे, बोथ डेज इन्क्लूडेड. आय विल रिझ्यूम वर्क ऑन ट्यूजडे.' आणि देण्याआधी अर्जाचा मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा.