दाभोळचा वायू, जयगडचा कोळसा : इंधनवाहतुकीच्या अंदाजातील काही गैरसमज

गुहागर तालुक्यातील अंजनवेलचे 1,967 मेगावॉटचे वीजकेंद्र 2005 साली एन्रॉनच्या दाभोळ पॉवर कंपनीच्या पडझडीतून रत्नागिरी गॅस अँड पॉवरकडे आले. त्याच्या शेजारीच वर्षाला 50 लाख टन क्षमतेचे द्रवरूप नैसर्गिक वायूचे, म्हणजे उणे 162 अंशांपर्यंत थंड करून आकारमान सुमारे सहाशे पटींनी घटवलेल्या वायूचे, टर्मिनल असल्याने इंधन आणण्याची चिंता मिटली, असा समज रूढ आहे. वार्षिक सरासरीत तसे वाटते खरे, कारण पूर्ण भाराने चालणाऱ्या केंद्राची रोजची सुमारे 85 लाख घनमीटर वायूची गरज या क्षमतेच्या निम्म्याहूनही कमी भरते. परंतु 2013 साली टर्मिनल सुरू झाले तेव्हा लाटरोधक बांध अपुरा होता, आणि त्याच्या आडोशाशिवाय पावसाळ्याचे सुमारे चार महिने जहाज धक्क्याला लावता येत नाही. 1.6 लाख घनमीटर द्रव आणणारे जहाज या केंद्राला जेमतेम अकरा दिवस पुरते. म्हणजे एका पावसाळ्यात दहा-अकरा जहाजांची तूट पडते. टाक्यांत फार तर दोन-तीन जहाजांचा माल मावत असल्याने साठ्यावर ती भागवण्याची आशा भाबडीच म्हणावी लागेल.

वाहतूकखर्च अंतरावर ठरतो, हे वायुवाहिनीच्या बाबतीत अर्धसत्य आहे. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील वायू काकिनाड्याहून देश आडवा ओलांडून दाभोळला येई. पण वाहिनीचा बहुतांश खर्च भांडवली व स्थिर असल्याने वायू निम्म्यावर आला की प्रत्येक घनमीटरवरील बोजा जवळजवळ दुप्पट होतो, शिवाय ‘घ्या अथवा पैसे द्या’ प्रकारच्या करारात न वाहिलेल्या वायूचेही शुल्क भरावे लागते. त्या खोऱ्यातील उत्पादन घटल्यावर 2013 साली वाहिनी जागेवर असूनही केंद्र बंद पडले. वाहिनीची क्षमता आणि वायूची उपलब्धता यांचे अंदाज म्हणूनच वेगवेगळे बांधावे लागतात.

जयगडच्या 1,200 मेगावॉटच्या केंद्राला लागूनच बंदर असल्याने तेथील आयात कोळशाचे गणित सोपे भासते आणि टनामागे स्वस्त तो कोळसा किफायतशीर ठरवला जातो. वस्तुतः वीज टनातून नव्हे, उष्णतेतून निर्माण होते : किलोमागे 6,000 किलोकॅलरी देणाऱ्या कोळशाची जेथे सात जहाजे पुरतात, तेथे 4,200 किलोकॅलरीच्या कोळशाची दहा लागतात, आणि जादा तीन जहाजांचे भाडे, धक्क्यावरील दिवस व राखेची विल्हेवाट टनाच्या भावात धरलेली नसते.